वळसा घालून गेलेली नस

कालिकामातेची आण, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझ्या हातात परत बांगडी जाऊ नये. कासारणीनं यापेक्षा मोठी आण घ्यायची नसते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या तासगावात माझं नाव कसं आहे ते मला ठाऊक आहे. पोरानं शाळेला दांडी मारून भलतंच कारण सांगितलं की मास्तर विचारतात, चंद्राक्काकडं शिकवणीला जातोस काय. विचारू देत. माझा धंदाच तसा. बांगड्या भरताना बाईचं लक्ष हातावर राहिलं की ती हात आवळते, आणि आवळलेल्या हातात बांगडी जात नाही. म्हणून तिला काहीतरी सांगत राहायचं. आता खरं सांगून कुणाचं लक्ष उडतंय? मग सांगायचं, वायफळ्यात एक बाई होती, तिनं पाळण्यात घातलेली बांगडी म्हातारपणापर्यंत काढली नाही, तिच्याबरोबर बांगडीपण वाढत गेली. बाई म्हणते, काहीतरीच काय चंद्राक्का. तेवढ्यात काकण मनगटात.

तर ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी चौऱ्याहत्तरची होते. दुकानाच्या पायऱ्या चढले की दम लागायचा, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. कुणी विचारलं तर मी म्हणायची, मागच्या जन्मी लोहाराचा भाता होते, सवय गेली नाही अजून. सगळे हसायचे. मग एकदा सोमवारच्या बाजारात भेंडी निवडता निवडता मी आडवी झाले. शुद्धीवर आले तर भोवती बायका, आणि भाजीवाली तोंडावर पाणी मारतेय. माझ्या तोंडातून आपसूक निघून गेलं, काही नाही ग, मुंगी काहीतरी सांगत होती, ते खाली वाकून ऐकत होते. बायका हसल्या, पिशव्या उचलून चालू लागल्या.

मी तिथंच बसून राहिले. छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती. ज्याला सांगावं तो हसणार.

माझी सून रंजना तेवढी हसली नाही. घरी आल्यावर तिनं माझ्या पायाच्या घोट्यावर बोट दाबलं, बोट उचललं, तर खड्डा तसाच राहिला.  दुसऱ्या दिवशी तिनं नि माझ्या मुलानं, दिगंबरनं, मला गाडीत घातलं आणि कोल्हापूरला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नाव सांगत नाही, उगीच त्यांच्या दारात रांग लागायची.

तिथं हृदयाचे डॉक्टर होते शिकलगार म्हणून. चाळिशीचा माणूस, केस पुढून गेलेले, आवाज मऊ. आडनाव ऐकून मी विचारलं, आजोबा विळ्या-सुऱ्यांना धार लावायचे काय. हो म्हणाले. मी म्हटलं, मग माझ्यावर जरा बोथट वापरा.

त्यांनी तपासलं आणि सांगितलं, की हृदयातून रक्त बाहेर जायच्या दाराला जी झडप असते, ती चुना बसून कडक झालीय. दार उघडतच नाही, नुसती फट राहिलीय. छाती उघडून नवी झडप बसवावी तर माझी फुप्फुसं चुलीच्या धुरानं पार निकामी, तेवढी मोठी भूल सोसायची नाहीत. पण दुसरी वाट होती. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी वर हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला नवी झडप मिटलेल्या छत्रीसारखी बसवलेली. जुन्या झडपेत नेऊन ती उघडायची. मी विचारलं, ही नवी झडप कशाची. म्हणाले, जनावराच्या हृदयावरच्या पातळ पापुद्र्याची. म्हटलं, चालेल, उद्यापासून शेपूट हलवीन.

सगळं ठरलं. मग त्या भोकाच्या मशीनमध्ये घालून माझ्या छातीचे फोटो काढले, आणि तिथं गाडं अडलं.

फोटो आल्यावर डॉक्टर शिकलगार खोलीत आले तेव्हा दिगंबर नि रंजना खाली चहाला गेली होती. आमच्याकडं डॉक्टर पेशंटला काही सांगत नाहीत. घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात, आणि घरचे आत येऊन सगळं छान आहे म्हणतात आणि नाक शिंकरतात. हे डॉक्टर माझ्याच कॉटवर बसले.

माझ्या हातात तेव्हा दोन काचेच्या बांगड्या असायच्या. आमचे मालक गेल्यावरही मी त्या ठेवल्या होत्या. बायका बोलायच्या, पण कासारणीचाच हात मोकळा दिसला तर तिच्याकडून कोण भरून घेणार? डॉक्टरांनी त्यातली एक बांगडी दोन बोटांत धरली.

"ही समजा तुमची झडप," ते म्हणाले. "हृदयाला रक्त पुरवणारी डाव्या अंगाची एक नस असते. ती डावीकडून निघते आणि डावीकडंच जाते. तुमची निघालीय उजवीकडून. मग डावीकडं जायला तिनं वाट धरलीय ती झडपेच्या मागून. अशी." आणि त्यांनी बांगडीला खेटून मागच्या बाजूनं बोट फिरवलं.

"कधीपासून?"

"जन्मापासून. आजवर तिचा काही त्रास नव्हता. पण आता आतून नवी झडप उघडली आणि ही कड बाहेर फुगली, की ती नस मागच्या मागं चेपू शकते."

"चेपली तर?"

"हृदयाच्या तेवढ्या भागाचं रक्त बंद."

"आणि काहीच केलं नाही तर?"

तिथं ते थोडं खोटं बोलले असते तर मला आवडलं असतं. "फट मिटत जाईल," ते म्हणाले. "वर्ष जाईल, फार तर दीड. तेसुद्धा उशीला टेकून."

दिगंबर नि रंजना वर आल्यावर मी त्यांना सांगितलं, माझी एक नस चुकीच्या बाजूनं निघालीय आणि झडपेच्या मागून वळसा घालून गेलीय. दिगंबर हसत सुटला. म्हणाला, आई, लोकांची डोकी उलटी असतात, तुझं काळीजपण उलटं निघालं होय. मी आण घेतली. तो आणखी हसला. रंजनासुद्धा तोंडावर हात धरून हसली, बरेच दिवसांनी हसली बिचारी. मग डॉक्टर आले, भिंतीवरच्या दिव्यावर फोटो लावला आणि तेच सगळं सांगितलं. दिगंबरचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, थापच निघाली असती तर बरं झालं असतं.

मग त्या दोघांचं बाहेर सुरू झालं. दार लावलं होतं, पण दिगंबरचा आवाज दारात मावत नाही. तो म्हणत होता, नको, आहे तेवढे दिवस नीट जाऊ देत. रंजना म्हणत होती, नीट कुठले, रात्रभर बसून असतात त्या, मी बघते ना. तो म्हणाला, टेबलावरच गेली तर? ती म्हणाली, आणि घरात गुदमरून गेल्या तर? मी आत कॉटवर. उठून बाहेर जावं तर चार पावलांवर दम लागणार. पुढं गेलं तरी तेच, मागं आलं तरी तेच. बरणीत हात घालून मूठ भरलेल्या माकडासारखं झालं होतं माझं, फक्त मुठीत फुटाणे नव्हते.

जगायचं होतं मला. उगीच कशाला लपवा. चौऱ्याहत्तरीला माणूस फार विरक्त होतो असं जे सांगतात ना, ती माझ्याहून मोठी थाप आहे.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून आपला बेत सांगितला. माझ्या मनगटातून एक बारीक तार त्या चुकार नसेत आधीच नेऊन ठेवायची, तिच्यावर एक बारीकशी जाळी, मिटलेली. मग झडप उघडायची. नस चेपली तर लगेच ती जाळी उघडून नस उघडी ठेवायची. नाही चेपली तर तार आणि जाळी दोन्ही परत काढून घ्यायची.

"पण एकदा काढली की काढली," ते म्हणाले. "नव्या झडपेचा सांगाडा आड येतो, परत तिथं तार नेणं फार अवघड. म्हणून काढायच्या आधी खात्री पाहिजे."

रंजनानं विचारलं, खात्री कशी करणार. ते म्हणाले, औषध सोडून फोटो घेणार, पडद्यावरची हृदयाची रेघ बघणार. पण ही नस जाते हृदयाच्या मागच्या अंगाला, आणि तिथलं दुखणं त्या रेघेत कधी कधी उमटतच नाही. मग माझ्याकडं वळले.

"तुम्हाला पूर्ण भूल देणार नाही, आज्जी. जाग्या असाल. छातीत दुखलं तर तुम्ही सांगायचं."

म्हणजे एवढी मोठी मशीनं, एवढी शिकलेली माणसं, आणि खरं सांगायचं काम कुणाकडं, तर माझ्याकडं. दिगंबरनं कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, करा. ते तिथं म्हटलं. पण रात्री उशीला टेकून बसल्यावर भीतीनं मी मनात दुसराच बेत केला. टेबलावर घेतलं, की सुरू करायच्या आधीच छातीत दुखतंय म्हणून ओरडायचं. ते घाबरतील, मला खाली उतरवतील, आणि मग बघू. आजवर तोंडानं मला कुठल्या अडचणीतून सोडवलं नव्हतं?

सकाळी सिस्टर बांगड्या काढायला आली. साबण लावूनसुद्धा एक निघेना, हात सुजला होता. ती म्हणाली, फोडू का. मी म्हटलं, बाई, बांगडी फोडतात असं म्हणू नये, वाढवतात म्हणावं. तिनं मान डोलावली आणि रुमालात धरून वाढवली. मनगट असं मोकळं झालं, की ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं.

ती खोली गार होती. टेबल एवढं अरुंद की कुशीवर वळायची सोय नाही. एक हात अंगाशी पट्ट्यानं बांधला, दुसरा आडव्या फळीवर बांधला, मनगट वर करून. अंगावर हिरवी चादर, गळ्यापासून पायांपर्यंत. हलायचं नाही म्हणाले. आणि तोंडावर ते मशीन, केवढं तरी मोठं, नाकाला घासेल इतकं खाली यायचं आणि बाजूला जायचं, परत यायचं. पाठीवर पडलेलं झुरळ पाय तरी हलवतं. मला तेही नव्हतं. गुंगीचं औषध थोडं दिलं होतं, त्यानं अंग जड झालं, भीती होती तेवढीच राहिली.

पुण्याहून मोठे डॉक्टर आले होते, राजाध्यक्ष म्हणून. असली कामं त्यांनी शेकड्यांनी केलेली. ते शिकलगारांशी हळू आवाजात बोलत होते, काचेआड आणखी कोण कोण बसले होते. कुणीतरी म्हणालं, चला.

आणि मी सुरू केलं. छातीत दुखतंय म्हटलं. शिकलगार झटकन वाकले, कसं दुखतंय विचारलं. आता कसं विचारल्यावर मला राहवतंय होय? मी म्हटलं, हत्ती बसलाय छातीवर, डॉक्टर. नुसता बसला नाही, वर झूल आहे, माहूत आहे, आणि तो माहूत विडी ओढतोय, त्याचा धूर नाकात जातोय.

सगळ्यांनी पडद्याकडं बघितलं, रक्तदाब बघितला, पायाला हात लावून बघितला. काही नव्हतं. काचेआड कुणीतरी हसलं. राजाध्यक्ष म्हणाले, पेशंट घाबरलेत, थोडं औषध वाढवा.

"नको सर, जाग्या असू देत," शिकलगार म्हणाले. मग ते माझ्या कानाशी आले. तोंडावर मास्क होता, नुसते डोळे दिसत होते.

"आज्जी, हत्ती मला आवडला," ते म्हणाले. "पण आता खोटं दुखलं म्हणालात, तर पुढं खरं दुखेल तेव्हा मी ओळखायचं कसं?"

 बांधलेले हात मला तोवर पट्ट्यांनी बांधलेत असं वाटत होतं. पट्टे कसले. माझ्याच तोंडानं मला असं बांधून टाकलं होतं, की आता कोण सोडवणार.

"उतरायचं असेल तर आत्ता उतरवतो," ते म्हणाले. "तसं सांगा. हत्ती नको."

खरंच उतरवलं असतं त्यांनी. माझा बेत पार पडत होता. मी वर त्या मशीनकडं बघितलं, आणि घरची उशी आठवली, भिंतीला टेकवून ठेवलेली, जिला टेकून मी रात्र रात्र बसून काढत होते. दोन्हीकडं अडकणंच होतं, पण इकडच्या अडकण्याला निदान शेवट होता.

"करा," मी म्हटलं.

"मग एक काम करा. मी माझं करतो, तुम्ही मला गोष्ट सांगा. थाप असली तरी चालेल. थांबू मात्र नका."

मग मी त्यांना हडळीची गोष्ट सांगायला घेतली. ती अशी, की मी तरुणपणी पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरायची. एकदा भर दुपारी मळ्यातल्या चिंचेखाली एक बाई बसलेली दिसली. देखणी, केस मोकळे. म्हणाली, कासारीण, चुडा भर. लोक म्हणतात हडळ ओळखायची तर पाय बघावे, उलटे असतात. पण मी कासारीण, मी पायांकडं कशाला बघतेय. मी म्हटलं, हात आण. तिनं हात पुढं केला तर तळवाच उलटा, अंगठा भलतीकडं. आता उलट्या हातात बांगडी भरायची कुठल्या बाजूनं?

मनगटात टोचल्यासारखं झालं. तार चालली असणार. शिकलगार म्हणाले, मग? मी सांगत राहिले. तिला म्हटलं, बाई, तुझ्या हाताचं माप माझ्याकडं नाही. ती म्हणाली, माप नसेल तर तुझा हात देऊन जा. सिस्टर चादरीपलीकडं च्च म्हणाली, म्हणजे ऐकत होती. जांघेत काहीतरी जाड सरकलं. दुखलं नाही, पण आपल्या अंगात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी चाललंय, हे कळत होतं.

मग शिकलगार म्हणाले, आज्जी, आता थोडा वेळ हृदय जोरात पळवणार आहे, घाबरू नका. आणि ते पळवलं. कोंबडी धरल्यावर पंख फडफडवते तसं छातीत फडफडलं, आणि खोलीतले दिवे विझल्यासारखे झाले. कानात नुसता वारा. कुणीतरी आकडे म्हणत होतं. मी म्हटलं, चंद्रे, संपलं. ते म्हणे फार थोडा वेळ होतं, पण तेवढ्यात मी माझ्या आईचं तोंड बघून आले.

मग धाडकन रक्त परत आलं. पायांपर्यंत ऊब गेली. इतक्या वर्षांनी असा श्वास आत गेला, की मला वाटलं खिडकी उघडली. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

राजाध्यक्ष म्हणाले, सुरेख बसली. फोटो घेतला, नस मोकळी होती. पडद्यावरची रेघ ठीक होती. काचेआडचे लोक उठून उभे राहिले. शिकलगार म्हणाले, आज्जी, झडप बसली, आता हडळीचं काय झालं? मी परत सांगायला लागले. मी हडळीला म्हटलं, उलटा हात आहे ना, मग तू तिकडं तोंड करून बस, मी मागून भरते. ती वळून बसली. पहिली बांगडी गेली. तिनं दुसरा हात मागं केला आणि...

आणि तेव्हा ते आलं. पुढून नाही, पाठीतून. दोन खांद्यांच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळत आणली, सावकाश, घाई नसल्यासारखी. डाव्या जबड्यात, दातांच्या मुळांत गेली. ती झडप अंगाच्या उबेनं नंतरही थोडी थोडी उघडत राहते म्हणे, तशी ती उघडली होती आणि मागची नस चेपत चालली होती. हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की राजाध्यक्ष म्हणतायत, सगळं छान आहे, तार काढून घ्या, आणि शिकलगारांचा हात माझ्या मनगटाशी तार ओढायला आलाय.

मी म्हटलं, "दुखतंय."

एवढंच. हत्ती नाही, माहूत नाही.

शिकलगारांचा हात जागच्या जागी थांबला. राजाध्यक्ष म्हणाले, रेघेत काही नाही, मघाचा फोटोपण स्वच्छ आहे. यात त्यांची काही चूक नाही, मघाशी हत्ती आणलेल्या बाईवर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

"थांबा सर," शिकलगार म्हणाले. "अजून एक फोटो घेतो."

औषध सोडलं. ते आत जाताना अंग गरम होतं, मूत झाल्यासारखं वाटतं. फोटो आला. सगळ्यांचे हात भराभर चालायला लागले. मला मान वळवता येत नव्हती, पडदा दिसत नव्हता, दिसत होते ते शिकलगारांचे डोळे, आणि ते माझ्याकडं बघत नव्हते. मूठ आवळतच होती. मग मनगटाशी काहीतरी खुट्ट झालं, आणि ती मूठ एक एक बोट सोडत गेली. जबड्यातलं गेलं. पाठीतलं गेलं. तार होती म्हणून जाळी उघडता आली. तार काढली असती तर आज हे सांगायला मी नसते, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ते फार नीरस सांगितलं असतं.

मला बाहेर आणलं तेव्हा दिगंबर भिंतीला टेकून उभा होता, चपला हातात घेऊन. कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. शिकलगारांनी त्याला झालं ते सांगितलं. रंजनानं माझ्या मोकळ्या मनगटावरची पट्टी बघितली आणि पहिल्यांदा रडली. हडळीचं पुढं काय झालं हे विचारायला सिस्टर दोनदा येऊन गेली. मी तिला दोन वेगवेगळे शेवट सांगितले.

याला आता आठ वर्षं झाली. मी पायऱ्या चढते. दुकानात बसते. येणाऱ्या प्रत्येक बाईला ही गोष्ट सांगते, आणि प्रत्येक बाई विचारते, चंद्राक्का, तुम्ही एवढ्या थापाड्या, मग डॉक्टरांनी कसं ओळखलं की खरंच दुखतंय? मी सांगते, हत्ती नव्हता ना, म्हणून. त्यांना ते पटतं. तेवढ्यात बांगडी मनगटात जाते.

पण आण घेतलीय, आणि आता वय असं झालंय की हिशेब लवकर मागतील. तर सांगून टाकते. यात एक शब्द मी घातलेला आहे.

मी 'दुखतंय' म्हटलंच नव्हतं.

मी काहीच म्हटलं नव्हतं. सगळा जन्म ज्या तोंडावर काढला, ते तोंड ऐन वेळेला उघडलं नाही. जीभ टाळूला चिकटून बसली. हात बांधलेले, मान हलेना, आणि ती मूठ आत आवळत चाललेली, आणि मला साधा एक शब्द सापडेना, खरा नाही की खोटा नाही. हे कुणाला सांगायचं? कासारणीनं सांगायचं, की मला बोलायला आलं नाही म्हणून?

हडळीनं दुसरा हात मागं केला आणि, एवढ्यावर मी थांबले होते. शिकलगार म्हणाले, आणि? मी गप्प. राजाध्यक्ष म्हणाले, झोपल्या वाटतं, औषधाची गुंगी असेल, काढा तार. शिकलगारांनी तार धरली होती. ते परत म्हणाले, आज्जी, आणि काय? मी त्यांच्या डोळ्यांकडं नुसती बघत होते.

तेव्हा त्यांनी तार सोडली आणि म्हणाले, "थांबा सर. अजून एक फोटो घेतो. ही बाई गोष्ट अर्धी टाकून झोपणारी नव्हे."